दहाची नोट

कुरियातला सायकली उतरवल्या तेव्हा
पाचाला वीस मिनिटं कमी होती,
आणि बावडेकर नेहमीसारखा हातमोजा शोधत होता.
एकच. डावा.
हमीदा परकार रात्रपाळी करून थेट आलेली,
हॉस्पिटलचं ओळखपत्र अजून गळ्यात.
"झोपेन सूरला पोचल्यावर," म्हणाली,
"तोवर कुणी पडायचं नाही."
सालिम खजूर वाटत होता, प्रत्येकी सात.
सातच का, ते त्यालाही ठाऊक नाही;
त्याची आई तसे मोजते.

मग काळोख. चार लाल दिवे,
आणि कुणाच्या तरी साखळीची कुरकुर, जी कुणीच आपली मानत नव्हतं.
डावीकडे समुद्र नुसता ऐकू येत होता.
उजवीकडे डोंगर,
उजाडल्यावर पाहिलं तर
झाड नाही, गवत नाही, सोलून ठेवल्यासारखे.
"आमच्या दापोलीत असं उघडं कुणी फिरत नाही,"
हमीदा म्हणाली.

वारा समोरून.
असा, की उतारावरही पायडल मारायला लागलं.
"इथं उतारसुद्धा फुकट नाही रे!"
बावडेकर ओरडला, ते अर्धंच मागे पोचलं.
पुढच्यानं वारा खायचा,
मागच्यांनी त्याच्या पाठीआड लपायचं,
पाच मिनिटांनी बदल.
सहा वर्षं मी या तिघांच्या पाठी बघतोय.
बाजारात समोरून आले तर
क्षणभर ओळखू येत नाहीत.

फिन्सच्या अलीकडे माझा मागचा टायर गेला.
नुसती ट्यूब असती तर होती जवळ,
पण टायरच कडेनं दोन बोटं फाटलेला.
हमीदानं ओणवून पाहिलं,
जखम पाहतात तसं, चेहऱ्यावर काही न दाखवता.
"आतून अस्तर लागेल. नोट काढा कुणीतरी."
सालिमनं रियाल काढला.
"रियाल नको," बावडेकर कळवळला, "जेवण होतं त्यात माझं."
माझ्या पाकिटात, रेसिडेन्स कार्डाच्या मागे,
दहा रुपये निघाले. चौघडी.
गेल्या मे महिन्यात रत्नागिरी स्टँडवर
रिक्षावाल्यानं सुटे म्हणून दिलेले,
वर त्याचाच नंबर लिहून.

दर पंचवीस तारखेला आम्ही रुपयाचा भाव बघतो.
घसरला की बरं वाटतं.
बरं वाटल्याचं मग वाईट वाटतं,
पण पैसे त्याच दिवशी पाठवतो.

हमीदानं नोट फाटीवर आतून बसवली,
अंगठ्यानं दाबली, कडा निरखल्या.
"आता घसरू नकोस बाबा,"
बावडेकर टायरला म्हणाला.

तिवीला सालिम जुम्म्याच्या नमाजाला आत गेला.
हमीदा भिंतीच्या सावलीत हेल्मेटसकट झोपली.
आम्ही दोघं नळाखाली डोकी धरून बसलो.
नमाज सुटल्यावर एक म्हातारा आला,
कलिंगड बघावं तसा माझा टायर दाबला
आणि सालिमला काहीतरी विचारलं.
"म्हणतोय, गाडी बंद पडली का तुमची?"
"नाही म्हण."
सालिमनं सांगितलं. म्हातारा थोडा वेळ थांबला.
"म्हणतोय, मग?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो.

कल्हातच्या पुढे कुणी बोललं नाही.
तोंडात मीठ, गुडघ्यात मीठ,
आणि मला प्रत्येक खड्ड्याला
खाली दुमडलेला तो आकडा आठवत होता.
सूरला होड्यांच्या आवारापाशी पाय टेकला
तेव्हा ऊन लाकडावर आलं होतं,
ताज्या रंध्याचा वास होता.
बावडेकरला हातमोजा सापडला. खिशातच.
ताटात सुरमई येण्याआधी
हमीदा टेबलावर डोकं ठेवून गेली झोपेत.
आम्ही तिचा तुकडा झाकून ठेवला.

रात्री टायर उलटा करून पाहिला.
नोट निघेना, रबराला चिकटून बसलेली.
नंबरातले शेवटचे चार आकडे तेवढे दिसत होते.
साठ किलोमीटर, दहा रुपयांत.
स्टँडपासून घरापर्यंत
ऐंशी घेतले होते त्यानं.